मुक्या जिवांसाठी बोलताना: मोबाईल हाती असलेल्या आपल्या स्वयंसेवकांसाठी काही नियम

जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. महात्मा गांधी उद्यान आणि हुतात्मा स्मारकाच्या परिसरात झाडांखाली मेलेले कावळे सापडू लागले आणि काही दिवसांतच ही संख्या पन्नासच्या आसपास गेली. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. तिथून अहवाल आला की हा बर्ड फ्लू आहे. जिल्हा प्रशासनाने दहा किलोमीटरचा परिसर सतर्क क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि पुढची व्यवस्था सुरू झाली.

पहिला कावळा पडतो तेव्हापासून अहवाल हातात येईपर्यंत मधले जे चार-पाच दिवस असतात, ते सर्वांत नाजूक असतात. नक्की काय झाले हे कोणालाच ठाऊक नसते आणि प्रत्येकाच्या हातात फोन असतो. अशा वेळी कोणी म्हणतो, विष घातले. कोणी म्हणतो, टॉवरमुळे मेले. कोणी म्हणतो, आजपासून कोंबडी-अंडी बंद करा. यातला एकही माणूस वाईट हेतूने बोलत नसतो. उलट आपण लोकांचे भलेच करतो आहोत, असे त्याला वाटत असते.

अशा भल्या हेतूचा परिणाम आपण याआधीही पाहिला होता. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकन खाल्ल्याने कोरोना होतो असा एक निरोप फोनवरून फिरला. तो खोटा होता. पण त्यामुळे महाराष्ट्रातील कोंबडीपालकांचे कंबरडे मोडले. भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेले. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात एका कोंबडीपालकाने खाद्याचा खर्च परवडेना म्हणून हजारो कोंबड्या जिवंत खड्ड्यात पुरल्या. २०२२ मध्ये गुरांवर लम्पीची साथ आली तेव्हा दूध पिऊ नका असे निरोप फिरले. हा रोग जनावरापासून माणसाला होत नाही, हे पशुसंवर्धन खात्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. जनावरांविषयीच्या खोट्या बातमीचा मार शेवटी जनावरांवर आणि ती पाळणाऱ्या गरिबांवरच पडतो.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या मोहल्ल्यांतली मुले-मुली आता मुक्या जिवांसाठी काम करू लागली आहेत. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा छतावर पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवणे, संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाविरुद्ध समजावणे, गाडीखाली आलेल्या कुत्र्या-मांजराला दवाखान्यात नेणे, गाढवा-बैलांवर जास्त ओझे लादू नका म्हणून विनवणे, अशी ही कामे आहेत. ही मुले व्हॉट्सअ‍ॅपवर समूह करतात, इन्स्टाग्रामवर मोहिमेचे खाते उघडतात, व्हिडिओ टाकतात. आम्हाला याचा आनंद आहे. शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूत जनावराला 'बेज़बान' म्हणतात, मराठीत 'मुके' म्हणतात. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणे ही अमानत आहे, आणि अमानतीला नियम लागतात. हे नियम आम्ही अशा मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून, कायदा आणि दीन दोन्ही समोर ठेवून मांडत आहोत. घरात बसून सर्वांनी मिळून वाचावेत.

आधी मदत, मग फोटो

रस्त्यावर जखमी जनावर दिसले की पहिला हात खिशातल्या फोनकडे जातो. जाऊ द्या, पण फोन कॅमेऱ्यासाठी न उघडता कॉल करण्यासाठी उघडा. शासनाच्या पशुसेवेचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. उदगीरकरांचे तर नशीब चांगले, आपल्याच गावात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावराला सावलीत घेणे, पाणी दाखवणे, गर्दी हटवणे आणि डॉक्टरांना कळवणे ही कामे झाल्यावरच फोटो काढावा. तोही उपचारासाठी उपयोगी पडेल असा असावा: जखम कुठे आहे, जनावर उभे राहू शकते का, जागा कोणती. डॉक्टरांना असा फोटो लागतो. लोकांना दाखवायचा फोटो उद्याही टाकता येतो.

तडफडणाऱ्या जनावराचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढणाऱ्याने ती तीन मिनिटे काहीच केलेले नसते, हे बघणाऱ्याच्या लक्षात येते. मोहिमेची अब्रू अशा व्हिडिओने जाते.

खात्री केल्याशिवाय पुढे नाही

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये सहाव्या आयतीत आज्ञा आहे की एखादी बातमी आली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान कराल आणि मागून पस्तावाल. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे, एवढेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशा अर्थाची हदीसही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोबाईलच्या काळासाठी याहून नेमका नियम दुसरा कोणता सांगावा?

शहानिशा म्हणजे काय करायचे ते साधे आहे. हा फोटो कोणी काढला, कधी काढला, कुठे काढला, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय मोहिमेच्या खात्यावर काहीही जाता कामा नये. 'मला मामूंनी पाठवले' हे उत्तर नव्हे. मामूंना कोणी पाठवले, हे विचारा. निरोपावर दोन बाणांची खूण असेल तर तो कितीतरी हातांतून फिरत आला आहे, असे समजा. दुसऱ्या राज्यातला, पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ 'आजच, आपल्या गावात' म्हणून येतो. त्यातले दुकानांचे फलक, गाड्यांचे नंबर आणि लोकांची बोली नीट पाहिली की पुष्कळदा तिथेच उलगडा होतो. आपला भाग तर सीमेवरचा. बिदर इथून जवळ, तेलंगणाही दूर नाही. कन्नड, तेलुगू, दखनी, मराठी सगळ्या भाषांचे निरोप आपल्या फोनवर येतात. जी भाषा कळत नाही, तिच्यातला व्हिडिओ पुढे पाठवूच नये.

आजाराची बातमी असेल तर नियम आणखी कडक हवा. पशुसंवर्धन विभाग किंवा जिल्हा प्रशासन सांगेल तेवढेच, तेवढ्याच शब्दांत सांगावे. कावळे मेले हे आपण डोळ्यांनी पाहिले असेल तर कळवावे. ते कशाने मेले हे प्रयोगशाळेला सांगू द्यावे.

मालकाशी आधी बोला

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले. तिथे एक उंट होता. त्यांना पाहून तो कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांनी त्याच्या कानामागे हात फिरवला, तो शांत झाला. मग त्यांनी विचारले, याचा मालक कोण? एक अन्सारी तरुण पुढे आला. प्रेषितांनी त्याला समजावले की या जनावराच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळग. तू याला उपाशी ठेवतोस आणि फार राबवतोस, अशी याची तक्रार आहे. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे.

या प्रसंगातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी जनावराला दिलासा, मग मालकाचा शोध, मग त्याच्याशी थेट बोलणे. त्यांनी त्याला बाजारात उभे करून फजीत केले नाही. आपल्या स्वयंसेवकाचा क्रमही हाच असावा.

जास्त ओझे लादणे, मारणे, जखमी किंवा आजारी जनावराला कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. तो घडताना दिसला आणि समजावूनही थांबला नाही, तर तक्रार जरूर करा. पण वीटभट्टीवर गाढव हाकणारा किंवा हमालीसाठी बैलगाडी चालवणारा माणूस बहुधा स्वतःही उपाशीच असतो. त्याचा चेहरा, नाव, गल्ली दाखवून 'हा पाहा क्रूर माणूस' असे टाकले तर हजार लोक त्याला शिव्या देतील, त्याच्या मुलांना शाळेत टोमणे बसतील, आणि गाढवाच्या पाठीवरचे ओझे तेवढेच राहील. त्याच्या गाढवाच्या पाठीवरच्या जखमेला मलम मिळवून दिले, जू लागते तिथे कापड बांधायला सांगितले, तर तो उद्या तुमचे ऐकेल.

दिसते तेवढ्यावरून निकालही देऊ नये. आपला भाग देवणी जनावरांचा. वानेरा, बालंक्या, शेवरा या तिच्या तऱ्हा शेतकऱ्याची लहान मुलेही ओळखतात. हाळी-हंडरगुळीचा गुरांचा बाजार दूरवर माहीत आहे. अशा बाजारात चैत्र-वैशाखात बरगड्या दिसणारा बैल आला, तर तो छळाचाच पुरावा असतो असे नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीने मिरजेहून पाच लाख लिटर पाणी आणले, हे आपल्या सर्वांना आठवते. ज्या वर्षी माणसांसाठी पाणी रेल्वेने येते, त्या वर्षी गोठ्यातले जनावर रोड होणारच. मालकाला 'का मारतोस' असे विचारण्याऐवजी 'चारा कुठून आणता' असे विचारले की खरी बातमी कळते. तीच लिहावी.

गाडीचा नंबर समूहावर टाकू नका

हा नियम आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी पाच माणसे जमावाने ठार मारली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, भिक्षा मागून पोट भरणारी. मुले पळवणारी टोळी आली आहे असे निरोप त्या दिवसांत फोनवर फिरत होते. गावाला अनोळखी चेहरे दिसले आणि कोणीही काही विचारले नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा आली, पण गेलेले पाच जीव परत आले नाहीत.

जनावरांची वाहतूक हा विषय आपल्या राज्यात याहून कमी ज्वलनशील नाही. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. २०२५ च्या पावसाळ्यात रस्त्यात होणाऱ्या अडवणुकीला आणि मारहाणीला कंटाळून राज्यातील कुरेशी समाजाने जनावरांच्या खरेदी-विक्रीतूनच हात काढून घेतला. बाजार ओस पडले आणि ज्यांना जनावर विकून पेरणी करायची होती ते शेतकरीही अडचणीत आले. अशा वातावरणात 'अमुक नंबरची गाडी अमुक रस्त्याने चालली आहे, जनावरे कोंबली आहेत' हे एक वाक्य समूहावर गेले, तर पुढे काय होईल ते टाकणाऱ्याच्या हातात उरत नाही. गाडीत बाजारातून नेलेले दुभते जनावर असू शकते. चालकाजवळ सगळे कागद असू शकतात. जमाव कागद वाचत नाही.

म्हणून नियम असा: जनावरे खरोखर कोंबलेली दिसली, पाणी-हवा नाही, पाय बांधलेले आहेत, तर ११२ वर पोलिसांना कळवा. गाडीचा नंबर, जागा, वेळ त्यांना सांगा, फोटो त्यांना द्या. समूहावर, स्टेटसवर, इन्स्टाग्रामवर काहीही टाकू नका. गाडी अडवू नका, पाठलाग करू नका. तपासणी पोलिसांचे काम आहे. त्यातून कारवाई झाली आणि पोलिसांनी स्वतः ती जाहीर केली, तर मग मोहिमेने काय लिहायचे ते सर्वांनी मिळून ठरवावे. गाडीचा चालक कोणत्या समाजाचा आहे, याचा उल्लेख त्या लिखाणात कधीही नसावा. तो आपला असो की दुसऱ्यांचा.

मुलांचे चेहरे झाका

कुत्र्याच्या शेपटीला फटाके बांधणारी, गलोलीने पाखरे पाडणारी बहुधा लहान मुले असतात. त्यांचा व्हिडिओ काढून टाकायचा मोह होतो. तो टाळा. गुन्ह्यात सापडलेल्या अठरा वर्षांखालील मुलाची ओळख कोणत्याही माध्यमात उघड करू नये, असे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे. कायदा त्यांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. कायदा बाजूला ठेवला तरी दहा वर्षांच्या पोराची बदनामी आयुष्यभर फोनमध्ये राहावी, असा त्याचा अपराध नसतो. त्याच्या अम्मीला जाऊन सांगा. त्याला पाण्याचे एक भांडे द्या आणि रोज भरायला लावा. आमच्या अनुभवात अशीच मुले पुढे सर्वांत चांगले स्वयंसेवक होतात.

कुरबानीचे दिवस

दरवर्षी ईद-उल-अज़हाच्या आधी जमियत उलमा-ए-हिंद आणि ठिकठिकाणचे उलमा आवाहन करतात की कुरबानीचे फोटो आणि व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकू नका, बंदी असलेल्या जनावरांची कुरबानी करू नका, रस्त्यावर घाण करू नका. जो माणूस वर्षभर मुक्या जिवांसाठी बोलतो, त्याच्यावर तर हे अधिक बंधनकारक आहे. १९६० च्या त्याच कायद्याच्या कलम २८ मध्ये धर्माच्या रीतीप्रमाणे केलेल्या कुरबानीला सूट आहे. पण सूट आहे म्हणून रक्ताचा देखावा मांडायचा नसतो. सुरी जनावरासमोर धारेला लावू नये, एका जनावरासमोर दुसरे कापू नये, ही शिकवण आपल्याला दिलेली आहे. ज्या दीनने जनावराची नजरही जपली, त्याच्या अनुयायाने हजारो अनोळखी लोकांच्या नजरेसमोर ते दृश्य ठेवावे का?

या दिवसांत मोहिमेने दुसऱ्या गोष्टी लिहाव्यात. बोकड दारात बांधले असतील तर सावली आणि पाणी ठेवा. मुलांना त्यांच्या पाठीवर बसू देऊ नका. गाडीत दाटीवाटीने आणू नका. आतडी-कातडी नालीत न टाकता नगरपरिषदेच्या गाडीत द्या. असे लिखाण सर्व समाजांचे लोक वाचतात आणि त्यातून आपल्याविषयीचे गैरसमजही कमी होतात.

खाते मोहिमेचे, तोंड तुमचे नाही

मोहिमेच्या नावाने एकदा खाते उघडले की तिथे लिहिलेला प्रत्येक शब्द सर्व स्वयंसेवकांचा होतो. म्हणून तिथे निवडणूक, पक्ष, क्रिकेट, फिरके, मसलक यांपैकी काहीही नको. कोणाच्या सणावर, देवस्थानावर, खाण्यावर शेरा नको. धर्मांत तेढ वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आहे, अफवांसाठी कलम ३५३ आहे. समूहात कोणी काही टाकले म्हणून अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, त्याचा त्यात सामील हेतू दिसावा लागतो, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. पण पोलीस ठाण्यात उत्तरे द्यायची वेळ येण्यापूर्वीच तो मजकूर काढणे आणि टाकणाऱ्याला समजावणे चांगले. वैयक्तिक स्टेटसवर आपले मत मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र लोक आपल्याला मोहिमेचा माणूस म्हणून ओळखतात, हे तिथेही विसरू नये.

आपली बाजू खरी असली तरी समोरच्याचे मन ओळखावे लागते. २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठातील 'महादेवी' ऊर्फ 'माधुरी' हत्तीणीचे प्रकरण सर्वांनी पाहिले. पेटा इंडियाने तिच्या प्रकृतीचा प्रश्न लावून धरला. जुलैमध्ये आधी उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने तिला गुजरातमधील वनतारा केंद्रात हलवण्याच्या बाजूने निर्णय दिला. पण तीस वर्षांहून अधिक काळ तिला आपली मानणारे गाव रडत रस्त्यावर आले. समाजमाध्यमांवर बहिष्काराची मोहीम उभी राहिली, लाखो लोकांनी सह्या केल्या. शेवटी वनताराला नांदणी परिसरातच केंद्र उभारण्यास मदत करू असे जाहीर करावे लागले. कोण बरोबर, हा वाद इथे नको. शिकायचे ते एवढेच की जनावरावर प्रेम करणारी माणसे दोन्ही बाजूंना असतात. समोरच्याला निर्दयी ठरवून सुरू केलेले बोलणे तिथेच संपते.

टोमण्यांना उत्तर

आपल्या मुलांच्या पोस्टखाली एक प्रश्न हमखास येतो: 'तुम्ही तर मांस खाता, तुम्हाला जनावरांची काय पडली?' नाव मुसलमान दिसले की हा प्रश्न येतोच. काही मुले यावर चिडतात, काही काम सोडून देतात. दोन्हीची गरज नाही. उत्तर एकदाच, थोडक्यात आणि नम्रपणे द्यावे: आमची मोहीम पाणी, उपचार आणि ओझे यांविषयी आहे; आपणही एक भांडे ठेवा. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली आणि मांजर कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेला पात्र ठरली, हे सांगणारा दीन आपला आहे. मग आपण या कामात पाहुणे कसे?

दुसऱ्यांदा टोमणा आला तर उत्तर देऊ नये. शिवीगाळ किंवा धमकी आली तर त्याचे चित्र काढून ठेवावे, वडीलधाऱ्यांना दाखवावे आणि गरज पडल्यास सायबर पोलिसांकडे तक्रार करावी. रात्री इशाच्या नमाजनंतर कोणत्याही वादाला उत्तर लिहायचे नाही, असा एक साधा नियम करून पाहा. सकाळपर्यंत निम्मे वाद आपोआप विझतात.

पैशांचा हिशेब

जखमी जनावराचा फोटो आणि खाली क्यूआर कोड, असे काही दिसले की लोक पटकन पैसे पाठवतात. त्याचाच फायदा ठग घेतात. दुसऱ्याच गावातल्या कुत्र्याचा फोटो वापरून पैसे गोळा होतात. म्हणून मोहिमेने कोणाच्याही खासगी फोनचा क्यूआर कोड टाकू नये. शक्य असेल तर पैसे मागूच नयेत, वस्तू मागाव्यात: मातीची भांडी, धान्य, चारा, औषध. औषधाचे पैसे थेट औषध दुकानात भरायला सांगावे. कधी पैसे घ्यावेच लागले तर दोन मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली घ्यावेत आणि किती आले, कशावर खर्च झाले याचा कागद पावत्यांसह त्याच खात्यावर टाकावा. जकातीचे पैसे या कामात वळवण्याआधी आलिमांना विचारावे, कारण जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत. कोणी फसवणूक करून पैसे उकळले तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मुली, पासवर्ड आणि घर

या कामात मुली मोठ्या संख्येने आहेत आणि त्या मुलांपेक्षा नेटाने काम करतात, असे आम्ही पाहतो. त्यांचा खासगी फोन नंबर मदत क्रमांक म्हणून कधीही टाकू नये. त्यासाठी वेगळे सिम घ्यावे आणि तो फोन एखाद्या घरच्या मोठ्या माणसाजवळ असावा. कुठे चाललो आहोत ते आधी टाकू नये, परत आल्यावर टाकावे. ज्या मुलीला फोटोत यायचे नसेल तिच्यावर आग्रह नको. कामाचा फोटो काढताना भांडे दिसले, पाखरू दिसले तरी पुरे.

खात्याचा पासवर्ड एकाच्याच हाती नसावा आणि दहा जणांच्याही हाती नसावा. दोन-तीन जबाबदार माणसे पुरेत, त्यात एक मोठे माणूस हवे. टाकण्याआधी प्रत्येक मजकूर दोघांनी वाचावा. चुकीचे काही गेलेच तर गुपचूप काढून टाकू नये. ते काढावे, आणि आम्ही हे चुकीचे टाकले होते, खरे असे आहे, असे त्याच ठिकाणी लिहावे. लोक चूक विसरतात, लपवाछपवी विसरत नाहीत.

पालकांना आमची एक विनंती आहे. मुलगा फोनवर कुत्र्या-मांजरांचे व्हिडिओ बघतो म्हणून रागावू नका. तो काय टाकतो, कोणासाठी टाकतो हे त्याच्याजवळ बसून विचारा. खालचे पाच प्रश्न एका कागदावर लिहून घरात लावा आणि टाकण्याआधी त्याला ते वाचायला सांगा.

हे मी स्वतः पाहिले आहे की ऐकले आहे?
यामुळे त्या जनावराला काही मिळणार आहे का?
यात कोणा गरिबाची किंवा मुलाची अब्रू जाते का?
हे वाचून कोणी कोणावर चालून जाईल का?
ज्याच्याविषयी लिहिले तो समोर उभा असता, तर मी हेच लिहिले असते का?

पाचांपैकी एकाचेही उत्तर अडले तर फोन बाजूला ठेवावा आणि छतावरच्या भांड्यात पाणी आहे का ते पाहून यावे. पाखरांना आपली पोस्ट वाचता येत नाही, पाणी मात्र ती रोज शोधतात.